नॅपकिनचं वजन

३ फेब्रुवारी

नवी वही. लेकीने दोन वर्षांपूर्वी दिली होती, चांगल्या कामासाठी ठेवली होती.

डॉक्टरीणबाईंनी स्ट्रेस टेस्ट लिहून दिली. छातीला वायरी लावून फिरत्या पट्ट्यावर चालायचं आणि हृदय कसं चालतं ते कागदावर बघायचं. मी तारीख घेतली नाही. भीती म्हणून नव्हे. अभ्यासाशिवाय परीक्षेला बसायची सवय नाही, एवढंच. बाई म्हणाल्या, काकू, तोवर रोज थोडा व्यायाम करा, अंगाला जरा घाम येऊ दे.

आई गेली तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती. जिन्यात दम खायला बसली ती उठलीच नाही. मला येत्या अठरा मार्चला त्रेसष्ट पूर्ण होतात. ही नुसती नोंद. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

४ फेब्रुवारी, सकाळी ७

लेकीच्या खोलीतली व्यायामाची सायकल मोकळी केली. लेक लग्न होऊन गेल्यापासून तिच्यावर ह्यांचे इस्त्रीचे शर्ट असत. शर्ट कपाटात गेले, म्हणजे निम्मा व्यायाम तिथेच झाला.

बारा मिनिटं. कपाळ, मान, पाठ, सगळीकडे हात लावून पाहिलं. कोरडं.

पहिलाच दिवस आहे.

६ फेब्रुवारी

पंधरा मिनिटं. (पैकी चार दूधवाल्याशी.) कोरडं.

ताईचा फोन. घाम येत नाही म्हटलं तर म्हणाली, अगं, आईलाही यायचा नाही. भर उन्हात चालून आली तरी चेहऱ्यावरची पावडर जशीच्या तशी. मग घाईने म्हणाली, मी आपलं सहज बोलले हो. ताई सहज बोलली की माझी झोप उडते. उडायची. आता उडत नाही.

७ फेब्रुवारी

सायकल नाही. काल रात्री झोप नीट लागली नव्हती. उकाडा.

८ फेब्रुवारी

आठ मिनिटं, आणि त्यातही मन कॉन्व्हेंटच्या शाळेत.

ड्रिलच्या तासाला पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यांना खडू फासलेला. ट्यूनिकला सेफ्टी पिनने टाचलेला हातरुमाल. सिस्टर रांगेतून फिरायच्या आणि जिच्या पाठीवर ओला डाग दिसेल तिच्या नावापुढे फुली मारायच्या. मुलीच्या जातीने कसं फुलासारखं टवटवीत राहावं, असं त्यांचं मत. मला नीटनेटकेपणाची निळी रिबन चार वर्षं सलग मिळाली. मी धावायचेच बेताने. आई ती रिबन आपल्या पत्रांच्या डब्यात ठेवायची, आणि त्या डब्याला तिच्या पावडरीचा वास यायचा.

तेव्हा घाम आवरायला शिकले. आता तो सोडायला कोण शिकवणार?

१० फेब्रुवारी

वकिलांना विचारलं. खालच्या मजल्यावर राहतात, रोज पळायला जातात आणि परत येतात ते अंघोळ करून आल्यासारखे. जिन्यात त्यांच्या मागे चालायचं म्हणजे जपून पाय टाकावा लागतो. म्हणाले, वहिनी, घाम म्हणजे पुरावा. इंजिन चालू असल्याचा.

बरोबर आहे. आणि पुरावा मोजता आला पाहिजे.

केकचं सामान मोजायचा काटा आहे, तो ग्रॅमसुद्धा दाखवतो. रीत अशी ठरवली: एक पांढरा नॅपकिन वेगळा काढायचा. कोरडा ६२ ग्रॅम. संध्याकाळी वजन करून सायकलच्या हँडलवर अडकवून ठेवायचा, म्हणजे सकाळी वेळ जात नाही. व्यायाम झाला की सगळं अंग टिपायचं, नॅपकिन लगेच झाकणाच्या डब्यात, नाहीतर घाम उडून जाईल. मग काटा. डब्याचं वजन वजा.

ह्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. हसतील.

११ फेब्रुवारी

६२.

१२ फेब्रुवारी

खिडक्या बंद. स्वेटर, लोकरीची टोपी, मोजे. हे दार उघडून बघत उभे राहिले. म्हणाले, कुठे निघालीस? मी म्हटलं, कुठे नाही. म्हणाले, मग पोचलीस की कळव.

६३. एक ग्रॅम. पण टोपीतला लोकरीचा धागा नॅपकिनला चिकटलेला होता, तो काढल्यावर ६२.

दुपारी आरशासमोर बसून चेहऱ्याला पावडर लावली. संध्याकाळी पुन्हा पाहिलं. तशीच होती.

धुऊन टाकली.

१४ फेब्रुवारी

७०! दोनदा वजन केलं. काटा पुसून तिसऱ्यांदा केलं. ७०.

आठ ग्रॅम घाम. आणि सायकल फक्त नऊ मिनिटं. म्हणजे शरीर एकदा ठरवतं आणि मग देतं. नॅपकिन सुरुवातीलाच हाताला गार लागला, पण या दिवसांत पहाटे दमट असतंच.

ताईला फोन करून आकडा सांगितला. म्हणाली, आठ ग्रॅम म्हणजे किती गं? मी म्हटलं, दीड चमचा तरी. म्हणाली, वा, आईला तर थेंबसुद्धा नव्हता. ताईने मला बरं वाटेल असं काही बोलल्याचा हा आयुष्यातला बहुधा दुसरा प्रसंग.

१६ फेब्रुवारी

७४. सायकल सात मिनिटं. मिनिटं कमी होताहेत आणि घाम वाढतोय. तब्येत सुधारते ती अशी.

सायकलची सीट आपोआप वर गेलेली होती. पाय पुरेनात. जुनं मशीन.

१७ फेब्रुवारी

ह्यांच्याबद्दल थोडं लिहायला हवं. लिफ्ट बंद आहे आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. भाजी घेऊन चढताना हे दुसऱ्या मजल्यावरच्या फळ्यापाशी उभे राहतात आणि टाकी साफ करण्याची नोटीस वाचतात. सोमवारी पाणी येणार नाही, एवढंच त्यात आहे. या आठवड्यात तीनदा वाचली. मी वर पोचून कुलूप काढून पिशव्या रिकाम्या केल्या तरी हे नोटिशीपाशीच. आयुष्यभर नकाशे काढले, दोन ओळी वाचायला एवढा वेळ?

शिवाय आजकाल माझ्या आधी उठतात आणि मी उठते तोवर अंघोळ झालेली असते. चाळीस वर्षं चहा अंथरुणात घेतला. आता शिस्त सुचली. व्यायामाचं नाव मात्र नको. टेस्ट माझ्याऐवजी ह्यांची असती तर पट्ट्यावर उभं तरी राहवलं असतं का, कोण जाणे.

आजही सीट वर. खाली करून घेतली. ७६.

१९ फेब्रुवारी

७८. सोळा ग्रॅम. सायकल पाच मिनिटं, कारण लेकीचा फोन आला.

दवाखान्यात फोन करून सांगितलं की टेस्टची आता गरज दिसत नाही, सोळा ग्रॅम घाम येतोय. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, ग्रॅम का, काकू? मी म्हटलं, हो, काट्यावर मोजलाय. म्हणाली, मॅडमना सांगते. आवाजात आदर होता.

किती दिवसांनी शांत झोपेन. म्हणजे झोपत होतेच.

२१ फेब्रुवारी, सकाळी ५.४०

पाणी प्यायला उठले. लेकीच्या खोलीच्या दाराखाली उजेड. आत सायकलचा आवाज, पण माझ्यासारखा हलका नाही. जड. जोर वाढवायची चकती मी कधी फिरवतच नाही, ती फिरवल्यावरचा.

दार ढकललं. हे सायकलवर. बनियन अंगाला चिकटलेलं, चेहरा राखेच्या रंगाचा. हातात माझा नॅपकिन. त्याने मान पुसत होते.

म्हणाले, सायकलला तेल घालत होतो.

तेलाची बाटली खोलीत नव्हती. ती स्वयंपाकघरात, शिवणाच्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये असते, आणि ती कुठे असते हे ह्यांना आजवर माहीत नाही.

मग पलंगाच्या कडेवर बसले. आपणहून म्हणाले, महिनाभर जिना चढताना छातीत दाटल्यासारखं होतं. थांबलं की जातं. म्हणून थांबतो. सांगणारच होतो, तेवढ्यात तुझी टेस्ट निघाली. म्हटलं आधी तुझं होऊ दे, दोघांचं एकदम कशाला. मग वाटलं, आपल्यालाही व्यायामाने जाईल.

मी म्हटलं, माझा नॅपकिन का घेतला? खरं तर मला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं.

म्हणाले, माझा टॉवेल ओला दिसला असता तर तू विचारलं असतंस.

तोच दिवस, ६.३७

हिशेब पुन्हा केला. ८, १२, १४, १६. सगळे ह्यांचे. माझा, पहिल्या दिवसापासून आजपर्यंत, शून्य.

म्हणजे मी आईसारखी. आणि हे, हे काय आहे? आठ-दहा मिनिटांत सोळा ग्रॅम माणसातून जातात कसे? मी रोज सकाळी ते वजन करत होते आणि आनंदाने ताईला कळवत होते.

नऊला दवाखाना उघडतो. दोन तास तेवीस मिनिटं. हे म्हणाले, चहा टाकू का? मी म्हटलं, हलू नका. म्हणाले, मग टाकणार कोण? मी टाकला. साखर दोनदा घातली. दोघांनी तो तसाच प्यायला.

तोच दिवस, दुपारी

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. नॅपकिनचं, डब्याचं, वजाबाकीचं, जिन्यातल्या नोटिशीचंसुद्धा. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, काकू, घामावरून हृदयाचं काही कळत नाही. कुणाला बसल्या जागी येतो, कुणाला धावूनही येत नाही. माझा भाऊ जेवताना घामाघूम होतो आणि डोंगर चढतो. मी घाम येऊ दे म्हटलं ते थोडं अंग हलवा या अर्थाने. वजन करा असं नव्हे.

मग वळल्या ह्यांच्याकडे आणि आवाज बदलला. काका, तुम्ही नोटीस किती दिवस वाचताय? हे खाली बघून म्हणाले, महिना झाला. बाई म्हणाल्या, यावरून मात्र कळतं. हे मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

लगेच ईसीजी काढला. टेस्ट परवा, दोघांची. तोवर जिना नाही, सायकल नाही. वकिलांनी आणि वॉचमनने ह्यांना खुर्चीत बसवून वर आणलं. हे सगळा वेळ वकिलांना सांगत होते, जपून, पायऱ्या ओल्या असतील, तुम्ही सकाळी गेला होतात ना.

मला त्या वेळी हसू आलं याची लाज वाटते.

२२ फेब्रुवारी

हे झोपले की मी त्यांच्या कपाळाला हात लावते. कोरडं असलं की वाटतं, हे असं का? ओलं असलं की वाटतं, हे असं का? बाईंनी सांगितलेलं सगळं मला समजलंय. हाताला समजत नाही.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळी

आधी मी. सात मिनिटं चालले. वायरी लावणारी मुलगी म्हणाली, काकू, तुमची त्वचा इतकी कोरडी की स्टिकर एकदम छान चिकटले. निळ्या रिबनीनंतरचं पहिलंच बक्षीस. रिपोर्ट चांगला आहे. म्हणजे आई आईच्या वेळी गेली आणि मी अजून आहे. हे वाक्य तीन आठवड्यांपूर्वी ऐकायला मिळालं असतं तर मी पेढे, केक, काय म्हणाल ते वाटलं असतं. आज ते ऐकलं आणि ह्यांचा नंबर आला.

मी बाहेर खुर्चीवर, पर्समधला नॅपकिन मुठीत. मांडीवर ह्यांचं घड्याळ, चष्मा आणि त्यांनी घडी घालून दिलेला शर्ट. चाळीस वर्षांत त्यांनी घडी घातलेला हा पहिला शर्ट, त्यामुळे बाही बाहेर लोंबत होती. भिंतीपलीकडे पट्ट्याचा आवाज. आधी हळू. मग थोडा जोरात. मी समोरच्या फरशा मोजल्या, चौदा. पुन्हा मोजल्या. मग पट्टा थांबला. माझा सात मिनिटं चालला होता. ह्यांचा, ह्यांच्याच घड्याळात, चार.

बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही.

मग हे आले, आतला कागदी गाऊन घालून, आणि म्हणाले, शर्ट दे. मी दिला. बटणं एक सोडून एक चुकीची लावली. मी पुन्हा लावली.

बाई म्हणाल्या, एखाद्या रक्तवाहिनीत अडथळा असावा. वेळेवर आलात. गोळ्या आजपासून, मंगळवारी मोठ्या हॉस्पिटलात तपासणी, तिथे लागलं तर तिथेच मोकळं करतील. घाबरू नका, काका. हे म्हणाले, मी नाही घाबरत, हिला सांगा. मी म्हटलं, मी तर अजिबातच नाही.

परत आलो तर लिफ्ट चालू झालेली. हे म्हणाले, दुसऱ्यावर जरा थांबव. उतरून दोघांनी फळ्यापाशी जाऊन ती नोटीस वाचली. टाकी मागच्या महिन्यात साफ झाली.

पर्स रिकामी करताना नॅपकिन निघाला. सकाळी जाताना नेला होता, कोरडा, सवयीने वजन करून. डब्यात घालून काट्यावर ठेवला. ८१.

माझ्या टेस्टनंतर अंग टिपायला तो लागलाच नव्हता; नंतर बाहेर बसले तेव्हा नुसता मुठीत होता. आणि ह्यांनी तो हातातसुद्धा घेतला नव्हता. म्हणजे एकोणीस ग्रॅम, खुर्चीवर बसून. व्यायाम शून्य मिनिटं.

दवाखान्यातल्या बाहेरच्या हॉलमध्ये पंखा बंद असणार, असं लिहायला घेतलं होतं.

पंखा चालू होता.