ट्रकला कॅमशाफ्ट निवडताना

२ जून, सकाळी ७
आजपासून शिस्त. बाबांचा ट्रक तीन महिन्यांत रोडवर आणायचा म्हणजे आणायचा. सहा सिलिंडर, पेट्रोल, वयाने माझ्यापेक्षा मोठा. बाबांनी त्यातून मीठ वाहिलं, विटा वाहिल्या, माझं वऱ्हाडसुद्धा वाहिलं. जागा बिल्डरला दिल्यापासून आमच्या घरात वाहण्यासारखं काही उरलं नाही, पण तो प्रश्न वेगळा.
इंजिन खोललंय. कॅमशाफ्ट झिजलेला, इनटेक मॅनिफोल्डला तडा. दोन वस्तू निवडायच्या की काम झालं.
कल्पिता अजून समीक्षाकडे, घोडबंदरला. लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. बाळ अडीच महिन्यांचं झालं. आता येईलच.

९ जून
खरं तर बाळंतपण इथे डोंबिवलीत, कोपरलाच व्हायचं. आपल्यात पहिलटकरीण माहेरीच येते. पण मागच्या खोलीत, जिथे तिची बाज टाकायची, तिथे इंजिन उतरवलेलं. बाहेर ठेवलं असतं तर गंजलं असतं. कल्पिताने तीनदा सांगितलं, हे हलवा. मी म्हटलं, इंजिनाच्या हेडचं काम झालं की हलवतो. बाळ दहा दिवस आधीच आलं, त्याला मी काय करणार? समीक्षा तिच्याच घरी राहिली आणि कल्पिता बॅग भरून तिकडे गेली. जाताना एक शब्द बोलली नाही. समजूतदार बाई आहे.

१० जून
झोपेतून उठल्या उठल्या सुचलं. ट्रक चालू झाला की घोडबंदरला न्यायचा आणि कल्पिता, समीक्षा, नात सान्वी, तिघींना त्यातून घरी आणायचं. कल्पिता नवरी म्हणून ह्याच ट्रकमधून आलेली. तिला रडूच येईल. कोणाला सांगायचं नाही.

१६ जून
विठ्ठलवाडीहून जगन मेकॅनिक आला. म्हणाला, शेठ, भंगारात असाच जुना कॅम बघतो, मॅनिफोल्डला वेल्डिंग मारू, पंधरा दिवसांत गाडी तुमच्या दारात. मग मलाच शिकवायला लागला. कॅम म्हणजे इंजिनाने श्वास कधी घ्यायचा आणि किती घ्यायचा ते ठरवणारा दांडा. मॅनिफोल्ड म्हणजे त्याचं नरडं. लोडच्या गाडीला छोटा श्वास आणि लांब नरडं लागतं, म्हणजे ती हळू चालतानाही ओढते.
मी हसलो. जगन माणूस चांगला आहे, पण व्हिडिओ बघत नाही.

४ जुलै
आतापर्यंत एकसष्ट व्हिडिओ. अमेरिकेतला एक दाढीवाला आहे, त्याला सगळं माहीत आहे. सात कॅम आणि चार मॅनिफोल्ड शॉर्टलिस्ट केलेत. वेगळी वही घातली. घाईत निर्णय घेणारा माणूस मी नव्हे.
कल्पिताचा फोन. सान्वी पालथी पडायला लागली म्हणाली. मी तिला ड्युरेशन समजावलं, म्हणजे कॅम व्हॉल्व किती वेळ उघडा ठेवतो ते. वीस मिनिटं शांतपणे ऐकत होती. मध्ये एकदा हं म्हणाली. तिला इंटरेस्ट येतोय.

२५ ऑगस्ट
कॅम फायनल केला. दुपारी कळलं की निवडलेला मॅनिफोल्ड त्याला शोभत नाही. मॅनिफोल्ड बदलला, तर कॅम शोभेना. दोन्ही रद्द. पहिल्यापासून सुरुवात. घाई केली असती तर केवढी चूक झाली असती.

१० सप्टेंबर
गौर आली. गौर घरात आणायची ती घरच्या बाईने. कल्पिता आली नाही, सान्वीला सर्दी आहे म्हणाली. शेवटी भावजय तुळसावहिनी आली आणि तिने तेरड्याची गौर घरात घेतली. जाताना मला म्हणाली, भावजी, ती रुसलेली नाय, ती गेलेली हाय. समजतंय काय तुमाला?
वहिनीला प्रत्येक गोष्ट वाढवून सांगायची सवय आहे.
संध्याकाळी समीक्षाने फोटो पाठवले. त्यांच्या सोसायटीत कल्पिता गौरीच्या फेरात नाचतेय. हिरवी साडी. ती कधी घेतली? तोंडभर हसत होती. असं हसताना तिला शेवटचं कधी बघितलं, ते आठवायचा प्रयत्न केला. फोटो पुन्हा पुन्हा बघितला. सान्वीची सर्दी बरी झाली असावी.

२ नोव्हेंबर, पाडवा
ओवाळायला येईल म्हणून साडी आणून ठेवलेली. दाढी केली. दुपारी दोनपर्यंत पाटावर बसायच्या तयारीत होतो. फोन आला, ऑर्डरी आहेत म्हणाली. तिथल्या बायकांना तांदळाच्या भाकऱ्या करून देते. दिवाळीत भाकऱ्या कोण खातं?
संध्याकाळी एकटं एकटं वाटायला लागलं. मग लॅपटॉप उघडला आणि निर्णय घेऊन टाकला. सर्वांत मोठ्या ड्युरेशनचा कॅम, सर्वांत रुंद मॅनिफोल्ड, त्यावर दोन कार्बोरेटर. ऑर्डर गेली. खूप बरं वाटलं.

२० जानेवारी
पार्ट आले! काय चकाकतात! जगनने कॅम हातात घेऊन फिरवून बघितला. म्हणाला, शेठ, हा रेसचा आहे. मी म्हटलं, हो ना. तो म्हणाला, तुमची गाडी रेसची नाय. मी म्हटलं, अजून नाही. त्याने देवाचं नाव घेतलं आणि काम सुरू केलं.

१६ फेब्रुवारी
चालू झाला! वर्षभराने आवाज ऐकला आणि मला बाबा आठवले, डोळ्यांत पाणी आलं. गल्लीतली माणसं बाहेर आली.
किरकोळ तक्रार आहे. पाय उचलला की धडधडतो आणि बंद पडतो. जगन म्हणाला, शेठ, खाली दम नाय हिच्यात. दोन हजार आरपीएमच्या वर पळंल, पण डोंबिवलीत दोन हजारच्या वर पळवणार कुठं?
मी म्हटलं, घोडबंदर आहे ना. चांगला रुंद रोड आहे. जगन माझ्याकडे बघतच राहिला. त्याला सुचलं नसणार.

१२ मार्च, दुपारी १
आज सान्वीचा पहिला वाढदिवस. आजच! केक साडेसहाला. मी पाचला पोचणार. ट्रकला झेंडूची माळ, केबिनमध्ये नवीन गादी, पाडव्याची साडी सोबत. हॉर्न वाजवला की तिघी गॅलरीत येतील. नंतर जेवण, मग सगळे घरी.
जगनला म्हटलं, चल. त्याने नको म्हणून हात जोडले.

१३ मार्च, सकाळी
लिहायचं नव्हतं, पण लिहितो.
कापूरबावडीपर्यंत ठीक गेलो. तिथून पुढे ट्रॅफिक. गाड्या वीतभर सरकायच्या आणि थांबायच्या. माझा ट्रक सरकायला तयार, पण थांबला की बंद. अकरा वेळा बंद पडला. बाराव्या वेळी बॅटरी गेली. मागे बस, तिच्या मागे सगळं ठाणं, सगळे हॉर्नवर. हवालदार आला. मी त्याला सांगितलं, दोन हजारच्या वर ही गाडी वाघ आहे. तो म्हणाला, काका, इथे वीसच्या वर कोणी गेलेलं मी बघितलं नाही. त्याने चार बाईकवाले गोळा केले आणि ट्रक ढकलत कडेला लावला. माळ तिथेच तुटली.
साडी घेऊन चालत निघालो, मग रिक्षा मिळाली. पोचलो तेव्हा पावणेआठ. केक संपलेला. समीक्षाने तिच्या प्लेटमधला तुकडा दिला.
सान्वीला उचलून घेतलं तर किंचाळायलाच लागली. कल्पिताने पटकन घेतलं. म्हणाली, नवीन माणूस बघितलं की रडते ती. रागाने नाही बोलली. रागाने बोलली असती तर चाललं असतं.
पाहुणे गेल्यावर किचनमध्ये गेलो. साडी दिली. म्हटलं, चल घरी, ट्रक तयार आहे, फक्त आत्ता बंद आहे. ती म्हणाली, मी आधारवर इथला पत्ता टाकून घेतलाय. मी विचारलं, कशाला? बँकेत खातं काढायचं होतं, म्हणाली, भाकऱ्यांचं.
म्हटलं, अगं, वर्षभर हे सगळं तुझ्यासाठीच चाललेलं. तिने गॅस बंद केला. म्हणाली, मी तुमच्याकडे एक खोली मागितलेली, पोरीसाठी, सव्वा महिन्यासाठी. तुमी मला इंजिन दाखवलंत.
  फार वाईट वाटलं.
मग मीच विचारलं, मी इथे राहायला येऊ का? ट्रक विकून टाकतो. ती पातेली आवरत राहिली. साडी डब्यांवर उचलून ठेवली, ओली होऊ नये म्हणून. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, स्टेशनला जायला आता रिक्षा मिळेल ना तुमाला?
मिळेल, म्हटलं.
बाविसाव्या मजल्यावरून खाली येताना लिफ्टमध्ये एकटाच होतो, तेवढ्यात रडून घेतलं. गेटवर रिक्षा उभीच होती.