इटलीच्या गाडीची खोड

दादा, आज गाडीला गिऱ्हाईक आलं होतं. ते परत गेलं, आणि मी ओट्यावर लेकीची वही घेऊन बसलोय. तुम्हाला जाऊन वीसच्या वर वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सांगण्यासारखं बरंच घडलं, पण सांगावंसं वाटलं नाही. लोणी गावातल्या त्या दिवसानंतर तुमचं-माझं बोलणं तसं कामापुरतंच राहिलं होतं. आजची गोष्ट मात्र दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

आधी गाडीचं सांगतो, कारण ती तुम्ही पाहिलेली नाही. इटलीची मोटारसायकल आहे, जवळजवळ माझ्याच वयाची. आळेफाट्याला माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीतल्या जळक्या मोटारी आणतात, मी नवीन तार भरून देतो. त्यात हात काळे करून पन्नाशी गाठली आणि मग एकदाच डोकं फिरवून घेतलं. पुण्यात एका म्हाताऱ्या गृहस्थाकडे ही ताडपत्रीखाली उभी होती. देशात अशा किती आहेत हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. पार्ट मागवला तर चार महिने लागतात आणि येतो तो भलताच. थंड असली की सुरू होत नाही, किका मारून मारून पोटरी भरून येते. पण सुरू झाली की असा आवाज काढते की फाट्यावरचे ट्रकवाले चहा खाली ठेवून बाहेर येतात. "राव, हिला पेट्रोल घालता का खुराक?" असं विचारतात. मी हसतो, आणि खरं सांगायचं तर छाती फुगते. आपल्या कोश्या बैलाला धुऊन, शिंगं रंगवून तुम्ही गावातून मुद्दाम लांबच्या वाटेनं न्यायचात, तेव्हा तुमची फुगायची तशी.

हिची एक खोड आहे. गरम झाली की रेस अडकते. मूठ सोडली तरी इंजिन पळतच राहतं. कार्बोरेटर सतरा वेळा उघडला, घासला, पुसला, खोड काही जात नाही. अशा वेळी नुसता ब्रेक धरून भागत नाही. आधी क्लच दाबायचा आणि मग मुठीजवळचं इंजिन बंद करायचं लाल बटण. माझ्या हाताला ते आता पाठ झालंय.

गेल्या महिन्यात लेकीला पुण्याहून घेऊन येत होतो. पेठ गाव मागं पडतं, जुन्या रस्त्यानं घाट उतरायला लागतो, पुढं उसाची ट्रॉली आहे. मी मूठ सोडतो आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढं झेपावते. समोरून कंटेनर वर येतोय. क्लच दाबला, अंगठा बटण शोधतोय, आणि ट्रॉली अंगावर आली. दोघांच्या मधून कसा निघालो ते मला आजही सांगता येणार नाही. उसाच्या पाचटानं लेकीचा गुडघा सोलून निघाला. खाली थांबलो तेव्हा ती हसत होती, एका हातानं गुडघा धरून. घरी तुमच्या सुनेनं जखमेला हळद लावली. रात्री वाढताना एवढंच म्हणाली, "मामांचा बैल इकला व्हता ना तुमी? मंग ही बी इका."

कोश्याची खोड तुम्हाला काय सांगायची. दावं सोडताना माणूस उजव्या अंगाला उभा राहिला की शिंग फिरवायचा. डावीकडून जाऊन वशिंडावर हात ठेवला की मेंढरासारखा गरीब. वैरणीची ओढाताण होती त्या वर्षी तुम्ही त्याला तीन सोमवार बेल्ह्याच्या बाजाराला नेलंत आणि तिन्ही वेळा परत आणलंत. गिऱ्हाईक दात बघायचं, खूर बघायचं, रुमालाखाली बोटं धरून सौदा जुळत यायचा, आणि नेमके तेव्हा तुम्ही अर्ध्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणायचात, "पावणं, खोड हाय बरं का. उजवीकडून दावं सोडाल तर जीव घेईल." गिऱ्हाईक रुमालाखालून हात काढून घ्यायचं. लोक तुम्हाला देवमाणूस म्हणायचे. आई म्हणायची, "सौदा जुळला की यांना खरं बोलायचा झटका येतो."

चौथ्या सोमवारी तुम्ही आत्याकडे गेला होता, आणि कोश्याला मी नेलं. रुमालाखाली बोटं धरली आणि तोंडही मिटून धरलं. बैल लोणीच्या शेतकऱ्यानं घेतला. त्या पैशातून मी माझी पहिली गाडी घेतली, जुनी टू-स्ट्रोक. आठवड्याच्या आत लोणीहून निरोप आला, कोश्यानं मालकाला शिंग मारलं. मी म्हणालो, गाडीवर नेतो. तुम्ही गाडीकडे बघितलंसुद्धा नाही, एसटीच्या थांब्याकडे चालायला लागलात. लोणीत तो माणूस बाजेवर पडला होता, मांडीला ही एवढी पट्टी. तुम्ही डोक्यावरची टोपी काढलीत आणि म्हणालात, "पावणं, खोड याला ठावं व्हती. यानं सांगितली न्हाई. काय बोलायचं ते याला बोला." तो बायकोला म्हणाला, "च्या ठेव." दादा, तुम्ही थोबाडीत मारली असतीत तर विसरलो असतो. तो चहा अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही. तो माणूस पुढं जन्मभर लंगडत चालला.

आजचं गिऱ्हाईक पुण्याकडचं, तिशीतलं, बोलायला गोड. बरोबर त्याची आई आली होती. मुलगा एकटा आला तर तसाच गाडीवर बसून घरी येईल, ही धास्ती. तिनं ओट्यावर बसल्या बसल्या विचारलं, "गाडी साधी आहे ना हो? मला हा एकुलता एक आहे." माझ्या बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मायाळू आहे." थंड असली की चटकन सुरू होत नाही, आणि गिऱ्हाइकासमोर अब्रू जायला नको, म्हणून सकाळीच दोन फेऱ्या मारून मी गाडी तापवून ठेवली होती. म्हणजे एक खोड झाकताना दुसरी जागी करून ठेवली होती, आणि हे मला पुरतं कळत होतं. त्यानं विचारलं, "काका, एक चक्कर मारू?" मी किल्ली दिली.

आपल्या दारातला रस्ता सरळ कालव्यावर जाऊन संपतो. तिथं डावीकडं नाही तर उजवीकडं वळायचं, समोर पाणी. सध्या पाण्याचं आवर्तन सुटलंय, कालवा काठोकाठ वाहतोय. तो गेला. मी अंगणात उभा राहून आवाज ऐकत होतो. पहिला गिअर, मग दुसरा. आता तिसरा टाकेल म्हटलं, तर टाकेना. त्याची आई बशीत चहा ओतत होती. बायको ट्रे घेऊन दारात आली आणि हळूच म्हणाली, "सांगितलंय ना त्याला?" मी लेकीची स्कूटर काढली.

वाटभर आवाज कमी होईल म्हणून कान लावून होतो. तो कमी व्हायच्या ऐवजी चढतच गेला. कालव्याच्या अलीकडं धनगराची मेंढरं आडवी आली होती, म्हणून वाचलो सगळे. त्यानं घाबरून क्लच दाबून धरला होता, ब्रेक दाबला होता, पाय टेकले होते. गाडी किंचाळत होती, मेंढरं उधळली होती, धनगर शिव्या घालत होता. पोरगा मूठ मागं-पुढं करत होता आणि गाडी ऐकत नव्हती. क्लचवरची बोटं निसटत चालली होती. पुढं दहा पावलांवर पाणी. "क्लच सोडू नको!" मी बोंबललो. डावीकडून गेलो, टाकीवर एक हात ठेवला आणि दुसऱ्यानं लाल बटण दाबलं. मग फक्त पाण्याचा आवाज राहिला.

तिथंच कालव्यावर उभं राहून त्याला सगळं सांगितलं. रेस, घाट, लेकीचा गुडघा, सगळं. घरी येऊन त्याच्या आईला पुन्हा सांगितलं. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो." मोकळ्या हातांनी गेले ते, पण जाताना मुलगा माझ्या पाया पडला. बायकोचे डोळे भरून आले होते. म्हणाली, "मामा असते तर आज पाठीवर हात ठिवला असता."

ठेवू नका, दादा. बायकोनं विचारलं तोवर मी उभाच होतो, आणि त्याच्या जिवाचा विचार माझ्या मनात असायला हवा होता तेवढा नव्हता. तो गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये ओढत होता, ते मला ऐकवत नव्हतं. स्कूटर काढली ती माझी गाडी त्याच्या हातातून काढून घ्यायला. खोड सांगायचं सुचलं तेही वाटेत, कारण खोड सांगितली की गिऱ्हाईक परत जातं, हे मी तुमच्याकडूनच शिकलो होतो. बेल्ह्याच्या बाजारात तुम्ही ओरडून सांगायचात, तेव्हा तुमचं लक्ष गिऱ्हाइकाच्या जिवाकडे असायचं, की कोश्याच्या दाव्याकडे? मी तिन्ही वेळा बाजूलाच उभा होतो आणि तुमच्या तोंडाकडे बघितलं नाही.

गाडी गोठ्यात कोश्याच्या जागेवर उभी आहे. लेकीला तिच्यावर बसवणार नाही, एवढं तुमच्या पायाची शपथ घेऊन सांगतो. पत्र कुठं टाकणार? पान फाडून सीटखाली ठेवतो. बायकोला खरं सांगणार होतो, पण तिनं कौतुकानं पुन्हा चहा केला, वेलची घालून. लोणीचा चहा अजून उतरत नाही, दादा. हा मात्र मी सगळा प्यायलो.