जाळीला पाठ

तासगाव,
९ डिसेंबर १९७७

चि. शरयू,

आफ्रिकेच्या रानात चिंपांझींच्या मागे हिंडणाऱ्या माझ्या भाचीला आत्याचे अनेक आशीर्वाद. इथे सगळे ठीक. ज्वारी पोटऱ्यात आली आहे. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, पण देवळात जायचे सोडत नाही.

तू सुभेदाराचा फोटो मागितलास. फोटोग्राफर आला होता, पण उजेड बरा नव्हता. नंतर पाठवीन.

पावसाळी मुक्कामाला आपल्या मळ्यात उतरलेली सर्कस मोडली आणि मालक या सुभेदार चिंपांझीला मागे टाकून गेला, तेव्हा तूच लिहिलेस, 'इकडे आणायची परवानगी मिळेपर्यंत सांभाळा, पण पिंजऱ्यात नको.' मग गाव जमले. भाऊसोंनी जाळी दिली, बायकांनी दगड वाहिले, चिंचेभोवती मोठे कुंपण झाले. पिंजरा उघडला त्या दिवशी ही गर्दी! सुभेदाराने झाडाकडे बघितलेसुद्धा नाही. आमच्याकडे तोंड करून सलाम ठोकला, कोलांटी मारली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

पुढे माणूस दिसले की सलाम. खोकता खोकता सलाम. शेवटी हरणाबाई म्हणाली, "आवं बाई, बघणारंच नसलं तर त्यो दावंल कुणाला? पाठ करून बसू या की."

"आन् मागनं धोंडा घातला म्हंजी?" राहीबाईने विचारले.

"तुज्या डोस्क्यात हाय काय फुटण्याजोगं?"

तेव्हापासून दुपारी आम्ही पाच-सहा जणी जाळीला पाठ टेकून शेंगा फोडत बसतो. बरेच दिवस मागे नुसती चुळबुळ. मग एकदा माझ्या अंबाड्यात बोटे फिरली. अगदी हलकी. तुझ्या रानातले एकमेकांचे केस असेच चिवडतात ना? पाचगणीच्या कॉन्व्हेंटात पोचवायला निघताना आईने इतक्याच सावकाश माझी वेणी घातली होती. मला मागे वळवेना.

शरयू, फोटोच्या दिवशी उजेड चांगला होता. फोटोत बरगड्या दिसतात. मिरजेहून जनावरांचे डॉक्टर आले होते. क्षय आहे, माणसांकडून लागलेला. दोन्ही फुप्फुसे गेली. तिकडे नेलास तर तुझ्या रानातल्यांनाही लागेल. परवानगी थांबव.

डॉक्टरांनी आम्हालाही लांब बसायला बजावले. दुसऱ्या दिवशी वाटले, आता कोण येतेय. पाहते तो हरणाबाई सूप घेऊन जाळीला टेकलेली.

"आमचं मालक ह्याच दुखण्यानं गेलं," ती म्हणाली. "तवा समद्यांचं ऐकून लांब बसले. आता न्हाई बसायची."

मीही तिच्याशेजारी बसले. केसांत बोटे येतात, पण मध्येच थांबतात. कालपासून त्याने केळेही घेतलेले नाही. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा तो नसेल.

तिथल्यांना जप, बाळ. माणसांपासून जप. आमच्यासारख्या, माया करणाऱ्यांपासूनही.

तुझी,
पद्माआत्या