तुझ्यावरचा राग

आई, गेल्या महिन्यात मी एका बाईला चारचौघांत झाडलं. तिचा दोष एवढाच की ती मला तुझ्यासारखी दिसली. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि अजून तुझ्या नावाचा मार दुसरंच कोणी खातंय.

माझं काम काय ते तुला कधी नीट सांगितलं नाही. आपल्या गावात, दांडीला, कोणी विचारलं तर तू म्हणायचीस, "पोर कायतरी समाजाचं शिकते हाय." ते कायतरी शिकून मी आता पालघरला मुलींच्या वसतिगृहात सोशल वर्कर आहे. वर नव्याने कामाला लागलेल्या मुलींना शिकवतेही. सांगते की लहानपणी गिळलेलं दुःख पोटात तसंच राहतं आणि मोठेपणी भलत्याच माणसासमोर बाहेर पडतं. मदत मागायला आलेला माणूस आपल्यात त्याचा बाप बघतो, सासू बघतो, आणि आपणही त्याच्यात आपलं कोणीतरी बघत असतो. म्हणून समोरच्याचा फारच राग आला तर आधी थांबा, हा राग मुळात कोणावरचा आहे ते स्वतःला विचारा. वड्याचं तेल वांग्यावर काढू नका, म्हटलं की मुली हसतात आणि वहीत लिहून घेतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

ती बाई डोंगराकडच्या पाड्यावरची. नवरा वीटभट्टीवर, ती बोईसरला एमआयडीसीत पॅकिंगला. मुलगी आमच्याकडे राहून आवारातल्याच शाळेत चौथीत. रविवार हा आईबापांच्या भेटीचा दिवस, पण ही रविवारी कधी यायची नाही. पोर पायरीवर बसून फाटकाकडे बघत राहायची. बाई यायची भलत्याच वारी. स्वयंपाकघरात मुलीसाठी काहीतरी ठेवायची, मैदानात मुली खेळायला आल्या की कुंपणापलीकडे उभी राहायची, आणि मुलीची मान तिकडे वळायच्या आत निघून जायची. मला हे दिसत होतं आणि माझं डोकं तापत होतं. मुलीची कीव येते म्हणून तापतंय, असं मी स्वतःला समजावत होते.

त्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात सापडली. मी पालकांना नेहमी अहो-जाहो करते. त्या दिवशी थेट अगं-तुगंवर आले. "पोरीला इथे टाकून मोकळी झालीस. तोंडसुद्धा दाखवत नाहीस तिला. पोटचीच आहे ना?" भाकऱ्या थापणाऱ्या बायकांचे हात थांबले. ती खाली बघत म्हणाली, "मी भेटून गेले का ती दोन दिस जेवत नाय, बाई. म्हून लांबनंच बघते." ऐकलं मी ते, आणि तरीही म्हटलं, "सगळ्या आया हेच सांगतात." तिने डोक्यावरचा पदर नीट केला, मुलीला वर्गातून बोलावून घेतलं, तिची पिशवी भरली आणि दुपारच्या आत तिला घेऊन गेली. जाताना म्हणाली, "तिच्यासमोर कोन असं बोललं तर काय करू? नाय ठेवत हितं."

संध्याकाळी पंगतीत तिची जागा रिकामी होती तेव्हा माझंच वाक्य माझ्या कानात वाजायला लागलं. सगळ्या आया? हे सांगणारी मला तर एकच आई माहीत होती.

मी सात वर्षांची आहे. बाबा गेल्यावर तू मला वाणगावला मावशीकडे ठेवलं आहेस. शाळेतून येताना मी बाजारातून येते, आणि तू तिथे बसून सुका जवळा मापून देते आहेस. मी हाक मारते. तू बघतेस, पदर पुढे ओढतेस आणि गिऱ्हाइकाकडे वळतेस. पुढे कॉलेजात असताना एकदा चुलीपाशी मी ते काढलं, तर तू बोंबील परतता परतता म्हणालीस, "भेटले का तू रडून रडून ताप काढायचीस. मावशीच सांगायची, येऊ नको." आणि माझ्या ताटात दोन जास्तीचे बोंबील वाढलेस. तुझ्यापुरता विषय संपला. मी जेवले आणि ताट घासायला घेतलं.

त्या बाईकडे जायला मला आठवडा लागला. काम होतं असं नाही, लाज वाटत होती. बोईसरला तिची खोली शोधून काढली. पोर शाळेविना तिथेच बसलेली. मी हात जोडले, चुकलं म्हटलं, तिला परत पाठवा म्हटलं. राग तुमच्यावरचा नव्हता, हेही सांगितलं. बाई म्हणाली, "माझ्यावरचा नव्हता तं मला कशाला बोलल्या?" मग म्हणाली, "पोरीलाच इचारा." पोरीने आधी आईकडे बघितलं. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "येते मी. पन तुमी माझ्या आईला वरडायचं नाय." तिची आई तिला दटावायला लागली, असं बोलू नाय बाईंना, आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं.

पोर परत आली आहे. बाई अजूनही रविवारी येत नाही, कुंपणापाशीच उभी राहते, आणि आता मी तिथे जात नाही. मला वाटलं होतं, चूक कळली, माफी मागितली, की तुझ्यावरचा राग उतरेल. मी मुलींना असंच शिकवते. तो उतरलेला नाही. आणि हे कोणाला सांगण्यासारखं नाही म्हणून तुला सांगते: ती नऊ वर्षांची पोर आईच्या बाजूने माझ्याशी भांडली ना, तेव्हा मला तिचा हेवा वाटला. मला तुझी बाजू कधी घेता आली नाही, आई.