प्रशिक्षण: ऐच्छिक

प्रिय दादा,

हाताने लिहिलेलं पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, आई बरी आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. आता तिला समोरच्या इमारतीत वाळत घातलेली चादर कुठे फाटली आहे तेसुद्धा दिसतं, आणि ती मला हातातलं काम टाकायला लावून ते दाखवते. गुडघे कुरकुरतात, पण त्याहून जास्त ती स्वतः कुरकुरते. दर रविवारी विचारते, "तुम्हां दोघांचं काय बिनसलंय?" मी म्हणते, काही नाही गं, त्याला वेळ नसतो. खरं तर वेळ तुला होता. दीड वर्षात तू किती वेळा फोन केलास! मी चारदा उचलला आणि चारही वेळा मीटिंगमध्ये आहे म्हणून ठेवून दिला. वहिनीने पाठवलेला तुझा फोटो बघितला, शाळेच्या बसच्या दारात उभा असलेला. पोरं तुझं सगळं ऐकतात, युनिफॉर्म तुला शोभतो, असं तिने लिहिलंय. मला नाही तसं वाटलं. तुझे हात स्टेअरिंगवर आहेत असं चित्र काही केल्या डोळ्यांपुढे येत नाही. मला ते विंचच्या मुठीवरच दिसतात.

माझा कंपनीतला पहिला दिवस तुला आठवत असेल. तूच शब्द टाकला होतास. मार्केटिंगच्या खोलीत मला खुर्ची मिळायच्या आधी तू मला मागच्या आवारात घेऊन गेलास. शिकवण्यासाठी बांधलेला तो सिमेंटचा गोल खड्डा, पाच मीटर खोल. त्याच्या तोंडावर तीन पायांची तिपाई, एका पायाला बसवलेला विंच, म्हणजे मूठ फिरवून तार गुंडाळायचं यंत्र, वरच्या कप्पीवरून खड्ड्यात उतरलेली तार आणि तारेच्या टोकाला पट्टे बांधलेला तू. "जे विकणार आहेस ते आधी हातात धर," म्हणालास आणि खाली जाऊन बेशुद्ध माणसासारखं अंग टाकून दिलंस. तुझ्या निम्म्या वजनाची मी. पण मूठ फिरवत गेले आणि तू खरंच वर आलास, मान कलती, हात लोंबणारे. मला रडूच फुटलं. तू एक डोळा उघडून म्हणालास, "रड, पण मूठ सोडू नकोस."

त्या दिवशी तू जे सांगितलंस ते पुढे शेकडो लोकांना सांगताना मी ऐकलं. टाकीत, गटारात, धान्याच्या कोठीत माणूस पडला की वरचा त्याला वाचवायला धावतो, त्याच हवेत श्वास घेतो आणि त्याच्याच शेजारी पडतो. म्हणून आधी हवा तपासायची, मग माणसाला तार अडकवायची, मगच उतरवायचं. पडला तर वरून ओढायचं, मागे कुणी जायचं नाही. आणि त्याच्याही आधी, पहिल्या तासाला, तिपाईच्या तिन्ही पायांना खालून साखळी. तू प्रत्येकाकडून ती दहा-दहा वेळा लावून घ्यायचास, डोळ्यांवर फडकं बांधून. लोक वैतागायचे. एका कारखान्याचा इंजिनीअर म्हणाला होता, "अहो, साखळी लावायला काय शिकायचंय?" तेव्हा तू ती काढलीस, खड्ड्यात वाळूची गोणी सोडलीस आणि त्यालाच मूठ फिरवायला दिलीस. पाय फाकून तिपाई आडवी झाली तेव्हा तो दोन पावलं मागे उडाला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो साखळीच लावत बसला.

मी मात्र वर गेले, दुसऱ्या मजल्यावर. दरवर्षी मार्चमध्ये बाजाराचा कल काय आहे त्याचा अहवाल लिहायचा, एवढंच माझं काम. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायचास तू त्याला. हाताने फिरवायचे विंच कमी होतायत, बॅटरीवरचे वाढतायत. सांडपाणी प्रकल्पांकडून मागणी आहे, खाद्यपदार्थांच्या कारखान्यांकडून त्याहून जास्त. स्वस्त माल बाहेरून येतोय. भाड्याने घेणारे वाढले. हे भाड्याचं काय ते समजून घ्यायला मी फोन करत बसले, तेव्हा कळलं की तपासणीच्या आठवड्यापुरती तिपाई आणतात, तपासनीस गेला की परत. विकत घेणाऱ्यांनाही मी विचारायची, गेल्या वर्षात किती वेळा वापरली? बहुतेक जण हसायचे. "खोकं उघडलेलं नाही, बाई. पण आहे हां आमच्याकडे, लिहा." मी तक्त्यात 'वापर' नावाचा एक रकाना केला होता. साहेबांनी तो बघितला आणि म्हणाले, आपण विंच विकतो, तो वापरतात की नाही हा आपला विषय नाही. मी रकाना काढला. तुला तेव्हा हे सांगितलं होतं. जे सांगितलं नाही ते आता सांगते.

त्याच वर्षी आपली विक्री पहिल्यांदा घसरली. का घसरली ते शोधायला मला सांगितलं आणि मी शोधलं. आपल्या प्रत्येक विंचबरोबर दोन दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं होतं, दुसरे कुणी ते देत नव्हते. त्यामुळे आपला माल महाग पडायचा, आणि कामगार दोन दिवस कामावरून निघतात म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडायचं. मी अहवालाच्या शेवटी चार ओळींचा परिच्छेद लिहिला. ग्राहकाचा कल पाहता प्रशिक्षण किमतीतून वगळून ऐच्छिक ठेवावं. दादा, तो परिच्छेद माझा आहे. भाषासुद्धा माझी. लिहिताना मला वाटलं होतं, निम्मे लोक तरी घेतील. पहिल्या वर्षी एकशे ऐंशी गिऱ्हाइकांपैकी सहांनी घेतलं, दुसऱ्या वर्षी एकानेही नाही. मग तुम्हां तिघा शिकवणाऱ्यांना एकाच दिवशी बोलावून काढून टाकलं. तू माझ्या टेबलापाशी येऊन मला विचारलंस, "हे कुणाच्या डोक्यातून आलं गं?" आणि मी म्हणाले, वरून निर्णय आला. खोटं नव्हतं, मी वरच्याच मजल्यावर बसत होते. तू माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालास, "तू नीट राहा. आईकडे बघ." त्या संध्याकाळी तू सगळे पट्टे धुऊन, वाळवून, मोजून ठेवलेस, जणू दुसऱ्या दिवशी वर्ग होता. त्यानंतर तुझा फोन वाजला की मला उचलवायचा नाही. त्यामागे एवढंच आहे. वहिनीला वाटतं तुमची परिस्थिती उतरली म्हणून मी दूर गेले. तिला सांग, तसं नाही.

त्या वर्षी विक्री तिपटीने वाढली आणि मला बढती मिळाली. तुला आईकडून कळलंच असेल.

आता गेल्या महिन्यातलं. पिठाचा तो मोठा कारखाना, जिथे मक्यापासून स्टार्च करतात, त्यांनी आपला विंच मागच्या वर्षी घेतला होता. प्रशिक्षणाच्या चौकोनात फुली, म्हणजे नको. त्यांच्या सांडपाण्याच्या खड्ड्यात पंप तुंबला म्हणून एक सफाई कामगार शिडीने उतरला, तार-बीर काही न लावता, नेहमी उतरायचा तसाच. पाच-सात पायऱ्यांवरून तो खाली गळून पडला. वरती मुकादम होता आणि आणखी तिघं. बाकी कारखान्यांसारखं तिथे झालं नाही, दादा. मुकादम आंधळेपणाने धावला नाही. त्याला आठवलं की आपल्याकडे यंत्र आहे. त्याने गोदामातून खोकं मागवलं, तिपाई उभी केली, पट्टे स्वतःच्या अंगावर चढवले, तार अडकवली. नाका-तोंडाला ओला रुमाल बांधला आणि म्हणाला, मी त्याला मिठीत धरतो, तुम्ही ओढा. माणूस घाबरलेला नव्हता, असं ते सांगतात. त्याचा आपल्या विंचवर विश्वास होता.

कंपनीने मला तिथे पाठवलं, आपला माल सदोष नव्हता याची खातरजमा करायला. तिघांपैकी एक जण गेटजवळच्या बाकावर बसला होता. त्याला बोलतं करावं लागलंच नाही. "दोघांचं वजन आलं आणि तिपाई हलायला लागली, बाई. एक जण मूठ फिरवत होता, आम्ही दोघांनी दोन पाय धरले. तिसरा पाय धरायला माणूस नव्हता." तो हे तीनदा बोलला. तिसरा पाय सरकला आणि तिपाई आडवी झाली. तार सुटली. दोघंही खालीच राहिले. अग्निशमनवाले आले तोवर सगळं संपलं होतं. मी ते खोकं बघितलं. साखळी तळाशी होती, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी चिकटपट्टीने बंद. सूचनांची पुस्तिकाही होती, चौदा भाषांमध्ये. त्या तिघांना येते ती भाषा तिच्यात नव्हती. मी खातरजमा केली, दादा. माल सदोष नव्हता. एकही वेल्डिंग तुटलं नव्हतं.

परत आले तर ऑफिसात फोन खणखणत होते. आसपासच्या सगळ्या कारखान्यांना एकदम तिपाई हवी होती, त्याच आठवड्यात. नेहमी असंच होतं म्हणा. वीस वर्षांचा आलेख माझ्याकडे आहे. त्यातला प्रत्येक चढ कुठल्या ना कुठल्या खड्ड्यातून वर आलाय. वरातीमागून घोडं, पण घोडं खपतं. साहेब माझ्या टेबलापाशी आले, आवाज खाली आणून म्हणाले, वाईट झालं, आणि मग त्याच आवाजात म्हणाले, या तिमाहीचे आकडे जरा लवकर काढ. मी काढले. नव्या छप्पन्न ऑर्डरींमधल्या प्रशिक्षणाच्या चौकोनांवर एकेक करून बोट फिरवलं. बावन्न फुल्या. चार रिकामे, बहुधा भरायचे राहिलेले. मी साहेबांना म्हणाले, पुन्हा सक्तीचं करू या. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते समजुतीने म्हणाले, "तूच तर बाजार समजावून सांगितलास आम्हाला. आपण सक्ती केली तर ते शेजारच्याकडून घेतील, आणि त्याच्या खोक्यात साखळीसुद्धा नसते."   ते खरंच आहे.

त्या मुकादमाच्या बायकोला मी भेटले नाही. घरापर्यंत गेले होते. दारात चपला इतक्या होत्या की माझ्या काढायला जागा नव्हती, असं स्वतःला सांगून मी परत फिरले.

आता हे लिहायला का बसले ते सांगते. सरकारी चौकशी लागली आहे, आणि चौकशी अधिकाऱ्याने कारखान्याकडे आणि आपल्याकडे एकच कागद मागितला: विंच वापरायचं प्रशिक्षण दिल्याचा दाखला. तो नव्हताच. मंगळवारी विक्रीप्रमुखांनी तो करून आणला. मागच्या वर्षीची तारीख, आठ कामगारांच्या सह्या, आणि शिकवणाऱ्याच्या जागी तुझं नाव. तुझंच का विचारलं, तर म्हणाले, तो आता इथे नाही, कोण जातंय विचारायला. खाली कंपनीतर्फे माझी सही हवी होती. मला कुणी धमकावलं नाही. पेन पुढे केलं आणि मी घेतलं. सही केल्यावर, जिना उतरताना, मला कळलं की शिकवलं होतं असं ठरलं तर दोष मुकादमाचा ठरतो. शिकलेल्या माणसाने साखळी लावली नाही, स्वतःही मेला. तुला कुणी विचारणार नाही हेही त्यांचं चुकलं. अधिकाऱ्याने तुझा पत्ता मागितलाय आणि तो मीच दिलाय. तू कधीही तिथे गेला नव्हतास, तुझी नोकरी जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते, हे त्याला सांग आणि हे पत्र त्याच्या हातात दे, माझ्या अक्षरासकट. दोनदा मी स्वतः त्याच्या कचेरीच्या जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. तुला फोन केला नाही, कारण फोनवर तू "बरं, मी बघतो" म्हणशील आणि मला सांभाळून घेशील. तू त्याला "हो, शिकवलं होतं" म्हणशील याची मला भीती वाटते. आणि म्हणशील अशी आशाही वाटते, दादा. हे वाक्य मी खोडलं नाही. अधिकारी सोमवारी तुझ्याकडे येईल. काय ते तू ठरव. मला ठरवता आलं नाही.

तुझीच,
धाकटी