मुंगी शिरणार नाही असं कपाट

ता. २ जून

चि. चिमणीस थोरल्या भावाचे आशीर्वाद.

आईची शिवणाची पेटी, बाबांची आरामखुर्ची, माझा रेडिओ, तुझ्या लग्नातलं घडीचं टेबल आणि परवा टेम्पोतून तुझ्याकडे आलेलं संगणकाचं कपाट: हे सगळं मी या दोन हातांनी केलं. शिकवायला कुणी नव्हतं. कपाटाला आतून, दारालासुद्धा, पत्र्याचं अस्तर आहे. हवेसाठी खाली तारेची जाळी. सांधे असे झाळलेत की मुंगी शिरणार नाही.

संगणकात लिनक्सही मीच घातलं, पुस्तक वाचून. माझ्याकडे टेबलावर तीन दिवस इंटरनेट सुरळीत होतं. तुझ्याकडे चालत नाही, तर लिनक्सवर खापर फोडू नकोस. पंधरा तारखेपर्यंत मुद्रितं तपासून गेली नाहीत तर छापखाना काम दुसरीला देईल, हे मला पाठ आहे.

फोनवर काही सांगणार नाही. मागच्या वेळी तू एक जागा सोडायची विसरलीस आणि तासभर मलाच बोल लावलास. आता सगळं लेखी. काळी खिडकी उघड. पिंग लिही, एक जागा सोड, मग वायफायच्या डब्याखाली छापलेला पत्ता. उत्तर आलं का, किती वाजता, तेव्हा तू काय करत होतीस, सगळं वहीत टिप. अंदाजपंचे नको.

मेहुण्यांना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढव.
दादा

ता. ७ जून

ती. दादास, सा. न.

हे म्हणतात, फुकटचं ते फुकटच. येत्या आठवड्यात दुकानातला माणूस येऊन तुझं लिनक्स पुसून टाकणार. मी म्हटलं, आधी दादाला वही दाखवू द्या.

सोमवार: दहादा पिंग, उत्तर नाही. मंगळवार, नऊ दहा ते नऊ पंचवीस: उत्तरांची रांग लागली. मी कपाट उघडून धूळ पुसत होते. बुधवार: नाही. गुरुवार: पुसायला घेतलं, चालू. दार लावलं, बंद. मग न पुसता नुसतंच दार उघडलं. चालू.

दादा, मी काही म्हणत नाही. वही म्हणते.

रागावू नकोस. माया असू दे.
चिमणी

ता. ९ जून

चि. चिमणीस आशीर्वाद.

पत्र वाचलं, चहा गार झाला. मग मोबाईल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावलं, फटीतून पाहिलं. वायफायच्या तीन रेघा, एकही उरली नाही. तुझी वहिनी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

मुंगी शिरणार नाही म्हणालो होतो; वायफायही शिरलं नाही. म्हणजे काम चोखच झालं. संगणक बाहेर काढ, कपाटाच्या डोक्यावर ठेव. मेहुण्यांना सांगावं, लिनक्स निर्दोष सुटलं, आरोपी मी.

मुद्रितं गेली की कळव, नाहीतर मला घास गोड लागायचा नाही.
दादा

ता. १५ जून

ती. दादास, सा. न.

काल दुपारी मुद्रितं गेली! छापखान्याने लगेच दुसरं पुस्तक दिलं. दुकानातल्या माणसाला ह्यांनी दारातूनच परत पाठवलं आणि आता स्वतःच लिनक्सवर बातम्या वाचत बसतात. फुकटचं म्हणत नाहीत. उठतही नाहीत.

शेजारच्या मुख्याध्यापिकाबाई कपाट बघून गेल्या. तुझा पत्ता नेलाय. त्यांच्याशी नीट बोल हो.
चिमणी

ता. १९ जून

चि. चिमणीस आशीर्वाद.

पत्रा नसलेलं नवं दार रंधा मारून झालं, रविवारी घेऊन येतो. पाठीचा आणि बाजूंचा पत्राही तेव्हाच काढीन. मेहुण्यांना तोवर खुर्चीवरून उठवून ठेव.
दादा

ता. क. बाईंचं पत्र आलं. परीक्षेच्या वेळी मुलांचे मोबाईल कोंडायला त्यांना हुबेहूब तशीच पाच कपाटं हवीत. मी कळवलं, चूक एकदा होते. तीच पाच वेळा मुद्दाम करायला माझे हात धजणार नाहीत. त्या पंचेचाळीस हजार देत होत्या.