दशमीचा तुकडा

शनिवार, संध्याकाळ. फ्लोरिडा.

उगीच टाकला मी तो तुकडा.

पाणथळीवरच्या लाकडी पुलावर केतकी आणि जावई मंदार फोटो काढत होते. खाली एक लहानशी अ‍ॅलिगेटर ऊन खात पडलेली. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर उरलेला पाव टाकू द्यायच्या नाहीत, तळ्यातल्या माशांना घालायला लावायच्या. तीच सवय. प्रवासासाठी केलेल्या दशमीचा तुकडा मी खाली सोडला. ती आधी दचकून मागे सरली. मग हळूच पुढे आली, तुकडा गिळला आणि माझ्याकडे बघत राहिली. मला केवढा आनंद झाला!

"आई! अगं, काय केलंस? अलाऊड नाहीये!" केतकी ओरडली.

"एवढासा तर होता. दंड होईल का?"

"दंडाचं सोड गं. खायला मिळतं हे कळलं की ती माणसांजवळ यायला लागते. मग डेंजरस म्हणून तिलाच मारून टाकतात."

मंदार म्हणाला, "एका तुकड्याने काही होत नाही हो, आई. तुमच्या दशम्या चांगल्या असतात, पण इतक्याही नाहीत." बिचारा मला हसवायला बघत होता.

पण ती आधी मागे सरली होती. म्हणजे माणसाला भीत होती. ती भीती मी घालवली का? आजवर कुणाला खाऊ घालून असा पश्चात्ताप झाला नव्हता.

केतकी म्हणते, सकाळी पुन्हा जाऊ. जाईन मी. रिकाम्या हाताने उभी राहीन. मला पाहून ती पाण्यात पळून जाऊ दे.